खड्याखालचा दोरा

बावीस वर्षं ब्लाउज शिवले.
तेवढ्यात एक गोष्ट कळली:
बाईचा डावा खांदा उजव्यासारखा नसतो
आणि हे तिला सांगायचं नसतं.
पाव इंच ढील द्यायची, गुमान.

मग बाजारात ताणणाऱ्या कापडाचे आले,
कोणालाही बसणारे.
मी आर्वी रस्त्याला, गिरणीशेजारी,
डोमाजी खरवड्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले.
"बाया येत नाही या कामाले," ते म्हणाले.
फुंकणी पुसली, ऐरणीवरची राख झटकली.
"बसा. शेगडीकडची बाजू सोळून."

खडे नदीचे. वैशाखात वर्धा आटते
तेव्हा पात्रात गारगोट्या उघड्या पडतात,
कलेजीच्या रंगाच्या, ताकाच्या रंगाच्या,
एखादीत पट्टे, कांदा चिरल्यासारखे.
ओटीत भरून आणल्या.
शेजारची कुंदा हसली,
"मुतखळे जमा करून रायली काय वो?"

पहिला खडा मी सरळ करायला गेले.
एका अंगानं फुगलेला, दुसऱ्या अंगानं चेपलेला.
कुरुंदाच्या चाकावर धरला, पाणी सोडत, तासभर.
पट्ट्यावरून तडकला.
डोमाजींनी दोन्ही तुकडे कागदात बांधले,
हळदीकुंकवाची पुडी देतात तसे
माझ्या हातात ठेवले.
दुपारी भाकर मोडताना म्हणाले,
"दगळ आधीचा हाय. चांदी आत्ताची.
मंग वाकाचं कोनं?"

वर्तमानपत्राची पट्टी खड्याभोवती गुंडाळून
नखानं खूण करायची.
हे मला येत होतं: दंड, छाती, कंबर.
तेवढीच चांदी कापली.
टोकाला टोक, सवागी, तिळाएवढा डाख, ज्योत.
डाख धावतो तो क्षण
दिसला म्हणेपर्यंत होऊन गेलेला असतो.
खडा जिथं बसका, तिथं भिंत उतरवायची,
कानशीनं, थोडी थोडी,
गावकुस ओढ्याकडे बुटकं होतं तशी.

बसवून पाहिला. बसला.
निघेना.
ठोकला, उलटा आपटला, लाखेच्या काडीनं ओढला.
डोमाजींकडे यावर एकच इलाज,
मागून चांदीला भोक, आणि दोन शिव्या.
दोन्ही झालं.

पुढच्या खेपेला मी
पदरातली सुई सोडवली,
तिच्यातला लाल दोरा
घरात आडवा टाकला,
त्यावर खडा, टोकं बाहेर.
दोन बोटांनी ओढला
आणि खडा वर आला, झोपेतून उठल्यासारखा.
डोमाजींनी तीनदा करून पाहिलं.
"पंचावन्न वर्सं," एवढंच म्हणाले.
रीळ चिमट्यांशेजारी ठेवलं.
मी परत मागितलं नाही.

शेवटी ओपणी. इकडून एक दाब,
मग थेट समोरून,
खाटेची दोरी ओढतात तशी चांदी खड्यावर निजवायची.
एकाच बाजूनं गेलं की चुण्या.
खड्याच्या टोकाशी चांदी उरते,
कापड असतं तर मी टक घेतली असती.
इथं टक नाही.
अंगठ्याची सालं निघेपर्यंत दाबत राहायचं,
ती उरलेली कुठं जाते
मला अजून कळलेलं नाही.

संक्रांतीला कुंदा आली.
"माह्यासाठी कर एक. तो वाकळाच."
पदक गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिली,
ते डावीकडे झुकलं.
साखळी दुरुस्त करते म्हणून काढून घेतलं,
एका बाजूला दोन कड्या वाढवल्या.
का, ते तिनं विचारलं नाही.

पहिल्या खड्याची पुडी
माझ्या बटणांच्या डब्यात आहे.
दोन्ही तुकड्यांचं माप
कागदाच्या पट्टीवर घेऊन ठेवलंय,
वेगवेगळं.